ज्या रिपोर्टाचे पेढे वाटले

आमच्या घरात एकटं असणं ही गोष्टच नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. लालबागची खोली गेली आणि आम्ही विक्रोळीला पार्कसाइटच्या चढावर आलो. एक खोली आणि तिच्यात आई, वडील, आम्ही चार भावंडं, काका आणि अंथरुणाला खिळलेली आत्या. मोरीला आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा. दाराला कडी होती, पण दिवसा कडी लावली की शेजारी विचारायचे, काय हो, सगळं ठीक आहे ना?

वडील एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले. आई टिकल्या चिकटवायची. कारखान्यातून टिकल्यांची पोती यायची, त्या ओळीने पाकिटावर लावून परत द्यायच्या. आम्ही सगळे लावायचो. घरभर टिकल्या. भातात टिकली, आत्याच्या औषधाच्या बाटलीला टिकली. बी.एस्सी.च्या पहिल्या पेपरला गेलो तेव्हा माझ्या कोपराला हिरवी टिकली होती, ती मागच्या बाकावरच्या मुलीने दाखवली. मी म्हटलं, आईने नजर लागू नये म्हणून लावलीय. तेव्हापासूनच मला खोटं पटकन सुचतं, हे इथे सांगून ठेवतो.

मी आमच्या अख्ख्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पदवीदानाचा फोटो वडिलांनी फ्रेम करून देवांच्या शेजारी लावला. पुढे लॅबचा डिप्लोमा केला आणि घाटकोपर पश्चिमेला, बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो. अजून तिथेच आहे. केस पांढरे झाले.

पहिल्याच आठवड्यात लॅबच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना मॅडमच म्हणतो, मला म्हणाल्या, “परब, एक तपासणी इथे कोणी करायला तयार नाही. तू नवीन आहेस, शिकून घे.”

मी शिकून घेतलं. संध्याकाळी घरी गेलो. वडिलांनी विचारलं, “काय काय तपासतोस रे?”

वीर्य, असं म्हणायला पाहिजे होतं. समोर आई, बहिणी, काका, पलंगावर आत्या. आणि भिंतीवर मी, काळा झगा घालून.

“लघवी,” मी म्हटलं.

ते उत्तर वीसेक वर्षं चाललं. गावाकडे कणकवलीलासुद्धा माझी ओळख तीच झाली. लग्नात बायको कुजबुजली, तुमच्या मावशी मला विचारत होत्या, हात नीट धुतो ना तो? बायकोला मात्र मी खरं सांगितलं होतं. आईला नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी विचारलं, छापाल का? ते म्हणाले, लिहून तर बघा. म्हणून साधं सांगतो. मूल होत नाही म्हणून जोडपं डॉक्टरकडे गेलं की डॉक्टर पुरुषाची ही तपासणी लिहून देतात. बायकोच्या तपासण्या दहा, पुरुषाची मुख्य ही एकच. पुरुषाने दोन-तीन दिवस संबंध किंवा हस्तमैथुन टाळायचं, मग आमच्या मागच्या खोलीत जाऊन एका डबीत नमुना द्यायचा. नमुना आधी घट्ट असतो, थोड्या वेळाने आपोआप पातळ होतो. मग त्याचा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचं. शुक्रजंतू किती आहेत, किती पळतायत, किती जागच्या जागी वळवळतायत, किती धडधाकट आहेत. मशीन आलं आहे, पण मॅडम अजून म्हणतात, परब, तू एकदा डोळ्याने बघ.

हे बघणं मला आवडतं. हेही कधी कोणाला सांगितलेलं नाही.

घरून नमुना आणायला परवानगी असते, पण त्यात माणसं काय काय करतात! एकाने उटण्याच्या डबीत आणला, उटण्यासकट. एकाने मसाल्याच्या बाटलीत. त्याला म्हटलं, काका, यात हळद आहे. तो म्हणाला, हळद चांगलीच ना? एक जण बर्फात घालून घेऊन आला, मासळी आणावी तसा. सगळे गार पडलेले. परत द्यायला सांगितलं तर म्हणाला, आता पुढच्या महिन्यात, सुट्टी नाही.

काउंटरवर पुरुष येतात आणि म्हणतात, “साहेब, ती… ती टेस्ट होते का?”

“कुठली?”

“ती.”

ती म्हणजे कुठली, ते मला चेहऱ्यावरून कळतं. मीही पुढे नाव घेत नाही. “हो, ती होते,” म्हणतो. दोन मोठी माणसं समोरासमोर उभी आणि दोघांनाही शब्द उच्चारता येत नाही, हा आमचा धंदा.

एकदा असल्फ्याचा एक कॉलेजचा पोरगा आला. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. स्टेशनजवळच्या भिंतीवर ‘तरुणपणीच्या चुका’ वगैरे लिहिलेल्या जाहिराती असतात, त्यातल्या एका दवाखान्यात जाऊन आला होता. तिथे त्याला सांगितलं होतं, तू मोबाइलवर नागडे सिनेमे बघून बघून सगळं संपवलंस, आता लग्न करू नकोस. तो रडायचाच बाकी होता. “साहेब, किती शिल्लक आहे तेवढंच सांगा.” मॅडमना विचारून मी तपासणी केली आणि नियमात नसताना त्याला मायक्रोस्कोपपाशी बसवलं.

त्याने डोळा लावला.

“हे… हे माझे?”

“मग काय माझे?”

“अरे, हे तर पळतायत!”

“पळणारच. शिल्लक-बिल्लक काही नसतं यात. रोज नवीन तयार होतात. ज्याने तुला घाबरवलं ना, त्याच्याकडे परत जाऊ नकोस.”

तो हसत गेला. त्या दिवशी मला वाटलं, झकास, आपलं काम आपल्याला येतं. मोबाइलचं जे काही असेल, ते डोक्यातलं भूत आहे, काचेवर ते दिसत नाही. ते काचेवर दिसत नाही, हे खरंच होतं. पण जे काचेवर दिसत नाही ते नसतंच, असं मी धरून चाललो होतो.

आमची मागची खोली ही पूर्वी गोदाम होती. जाड भिंती, खिडकी नाही, एक दिवाण, एक बेसिन, आणि आतून कडी. पहिल्यांदा ती कडी पाहिली तेव्हा मला हेवा वाटला होता. दिवसाढवळ्या कडी लावायची आणि कोणी काही विचारायचं नाही!

त्या खोलीत मोबाइलला रेंज येत नसे. स्मार्टफोन आले, इंटरनेट स्वस्त झालं, आणि तरुण मुलं रिकामी डबी घेऊन बाहेर यायला लागली. “साहेब, आत रेंज नाही.” पहिल्या-दुसऱ्याला मी म्हटलं, फोन बाहेर येऊन करा की. मग लक्षात आलं. जुन्या लोकांना वेळ लागायचा, लाज वाटायची, पण जमायचं. ह्या मुलांना फोनशिवाय सुरुवातच होत नव्हती. पंचविशीतली, अंगापिंडाने चांगली मुलं. आठवड्यात दोन-तीन तरी तशी निघायची.

मॅडम व्यवहारी. त्यांनी मागच्या खोलीत वायफाय बसवून घेतलं. मग काउंटरवर मला पासवर्ड सांगावा लागे आणि बाकावर बसलेली आजीबाई विचारी, ह्यांनाच का, आम्हाला का नाही? नमुने मात्र येऊ लागले. आमचं काम सुरळीत झालं. लॅबचं काम नमुना मिळवण्याचं. तो कसा मिळाला, हे रिपोर्टमध्ये लिहायला जागा नसते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्या दोघांना विचारून लिहितो आहे, नावं बदलली आहेत.

पावसाळा होता. सगळ्या घाटकोपरात रस्ते खणलेले. विक्रोळीहून एक कुटुंब आलं. संकेत मेस्त्री, तिशीच्या आतला, लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत कामाला. त्याची बायको मानसी, लग्नाला दोन वर्षं. आणि संकेतची आई. काकू बाकावर बसल्या ते सगळ्या लॅबच्या मालकीण असल्यासारख्या. माझ्या छातीवरची पट्टी वाचून म्हणाल्या, “परब? खंयचो रे तू?”

“कणकवलीचा, काकू.”

“मगे आमचोच! बघ बाबा, माझ्या झिलाची तपासणी नीट कर. तसो तो धडधाकट असा. पण डॉक्टर म्हणता आधी ह्याची करा. कित्याक ते देवाक म्हायती.”

मानसी खाली बघत होती. चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत.

संकेत आत गेला. बराच वेळ झाला. काकूंनी बाकावरून हाक मारली, “झालां काय रे?” अख्खी लॅब दाराकडे बघायला लागली. मी दाराशी गेलो, टकटक केलं. त्याने फटीएवढं दार उघडलं.

“साहेब, नेट नाय.”

रस्ता खणताना केबल तुटली होती. सकाळपासून वायफाय बंद.

“जरा प्रयत्न कर ना तसाच.”

“केला. नाय होत, साहेब.” त्याच्या कपाळावर घाम. “परत येऊ का? पण आई… आईने आज सुट्टी टाकायला लावलीय. रिकामा बाहेर गेलो तर ती तिथेच विचारेल.”

मी मागे बघितलं. काकू पदर सावरून उठण्याच्या बेतात होत्या. मी खिशातून माझा फोन काढला, हॉटस्पॉट चालू केला आणि दाराच्या उंबरठ्याशी ठेवला. पासवर्ड आईच्या नावाचा होता. तो मला त्या फटीतून हळू आवाजात सांगावा लागला.

थोड्याच वेळात नमुना मिळाला. मी काचेवर घेतला. काय सांगू, इतका चांगला नमुना महिन्यातून एखादाच येतो. भरपूर, चपळ, देखणे. मॅडमनी सही केली. नॉर्मल.

दोन दिवसांनी काकू आल्या, हातात मिठाईचा खोका. दारातूनच म्हणाल्या, “परबा, तोंड गोड कर! माझो झील पास झालो!”

रिसेप्शनची मुलगी तोंडावर हात ठेवून आत पळाली. काकूंनी सगळ्यांना पेढे दिले. रक्त द्यायला आलेल्यांनाही दिले. “सगळ्या बिल्डिंगीत वाटलंय,” म्हणाल्या. “लोक कायबाय बोलत होते ना, दोन वर्सां झाली, मेस्त्रींच्या झिलात काय तरी असा. आता बसले गप! एकेकाच्या दारात जावन रिपोर्ट दाखवून इलंय.”

“काकू, असा रिपोर्ट कोणाला दाखवायचा नसतो.”

“कित्याक? नापास झालो असतो तर लपवलो असतो. खा रे.” आणि आवाज खाली आणून, म्हणजे तरी दारापर्यंत ऐकू जाईल एवढा, म्हणाल्या, “म्हणजे आता कळलां ना, खोट खंय असा ती. गणपती झाले काय तिची दुर्बीण करणार. डॉक्टरांनी तारीख दिलीय. त्यातसुद्धा उपाय नाय निघालो काय, तर मगे तिच्या भावाक बोलवन घेणार. घेवन जा म्हणान.”

दुर्बीण म्हणजे पोटाला छेद देऊन नळीतून आतलं बघतात ते. भूल द्यावी लागते. ते काही खेळ नाही.

मानसी दाराबाहेर पायरीवर उभी होती. आत आली नाही. पेढा माझ्या हातात होता आणि काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खाल्ला. इतका नकोसा पेढा मी आयुष्यात खाल्लेला नाही. ह्या मुलाला फोनशिवाय जमत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच्यापुढचं ठाऊक नव्हतं, पण अंदाज करायला काही डिप्लोमा लागत नाही.

तरी मी गप्प. टेक्निशियनने रिपोर्टाच्या बाहेर बोलायचं नसतं. खरं म्हणजे नियमाची मला एवढी काळजी नव्हती, तोंडच उघडत नव्हतं.

तोंड उघडलं मानसीने. पुढच्या आठवड्यात ती एकटी आली, ऑपरेशनच्या फाइलसाठी रिपोर्टची दुसरी प्रत हवी म्हणून. मी प्रत दिली. ती घेऊनही ती काउंटरवरून हलेना.

“दादा, एक विचारू? ह्या टेस्टला बायको लागत नाही ना?”

“नाही.”

“मग ह्याच्यावरनं माझं काय ते त्यांना कसं कळलं?”

मी रिसेप्शनच्या मुलीला चहा आणायला पाठवलं.

“बिल्डिंगमध्ये खाली बारसं होतं परवा,” ती म्हणाली. “सगळ्या बायकांनी बाळाला घेतलं. माझी वेळ आली तर बाळाच्या आजीने दुपटं सावरत सावरत पुढच्या बाईकडे दिलं. मला कळलं. मी पाणी द्यायला उठले.” मग प्रतीची घडी घालत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “दादा, जी गोष्ट झालीच नाही, ती दुर्बिणीतून दिसते का हो?”

त्या मुलीने हे मला, परक्या पुरुषाला, काउंटरवर उभं राहून विचारलं. तिला किती दिवस हे वाक्य जुळवावं लागलं असेल? आणि मी, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, मला आईसमोर एक शब्द उच्चारता आला नव्हता.

“दिसत नाही,” मी म्हटलं. “डॉक्टरांना सांगितलंत?”

“डॉक्टरांच्या केबिनमध्ये सासूबाई बसतात. आणि सांगू काय? नवऱ्याचं नाव घालवू? त्यांचे पेढे वाटून झालेत.”

मी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं, हॉटस्पॉटसकट. त्यांनी चष्मा काढला.

“परब, मी वायफाय बसवलं तेव्हा मला वाटलं, आपण किती हुशार. एकदा तरी विचारायला हवं होतं की ह्या मुलांचं घरी काय होतं. त्याला दुसऱ्या नमुन्यासाठी बोलव. एकट्याला. तूच बोल. मी बाई आहे, माझ्यासमोर तो मरून जाईल.”

दुसरा नमुना मागतात तो पहिला खराब आला तर. चांगला आला तर कोण परत बोलावतं? ह्या खेपेला आम्ही बोलावलं.

संकेत शनिवारी कामाच्या कपड्यांत आला, हाताला ग्रीस. मी त्याच्याबरोबर मागच्या खोलीत गेलो आणि आतून कडी लावली. तो दचकला.

“नमुना नको आहे,” मी म्हटलं. “बस. मानसी आली होती.”

त्याचा चेहरा मी लिहीत नाही. तो बेसिनचा नळ सोडून उगाच हात धूत राहिला.

“बोलली ती?”

“तिने फक्त विचारलं. मी समजलो.”

“वाट लागली ना माझी.” नळ बंद करून तो दिवाणाच्या कडेला बसला. “साहेब, मी तसला नाय हो. मला ती आवडते. खूप आवडते. पण जवळ गेलो की सगळं थंड. फोन हातात घेतला की ठीक. असं कसं असतं?”

“कधीपासून बघतोस?”

“नववीपासून. एका खोलीत आम्ही पाच जण. चादर डोक्यावरनं, एका कानात इअरफोन, दुसरा कान उघडा, कोण कूस बदलतंय ते ऐकायला. आवाज करायचा नाय, हलायचं नाय, पटकन उरकायचं. मग झोप. रोज.” तो हसला, पण ते हसू नव्हतं. “लग्नानंतर पण तेच. मधे पडदा, पलीकडे आई. आई रात्री दहादा खाकरते. मी काय करणार? एकदा उशीपाशी फोन ठेवून बघितलं. मानसीने बघितलं ते. काय बोलली नाय. दुसऱ्या दिवशी पार्लरला गेली. तिला वाटलं, ती दिसायला बरी नाय म्हणून.”

हे ऐकताना मला आमची पार्कसाइटची खोली दिसत होती. चादर, आणि उघडा कान. फक्त आमच्या वेळी फोन नव्हता, एवढाच फरक.

मला येत होतं तेवढं सांगितलं. माझा रिपोर्ट तुझ्या डबीतल्या थेंबाबद्दल बोलतो, तुमच्या दोघांबद्दल नाही. इतकी वर्षं शरीराला एकाच पद्धतीने शिकवलंस, घाईने, लपून, स्क्रीनकडे बघून, ते दुसरं शिकलंच नाही. त्यात भीती. त्यात आईचं खाकरणं. शिकवता येतं परत, त्याचे डॉक्टर असतात, मोठ्या हॉस्पिटलात त्यांची ओपीडी असते. तिथे शुगर, प्रेशर, हार्मोन्सही बघतील, सगळं मोबाइलवर ढकलणार नाहीत. तू पापी नाहीस आणि नामर्दही नाहीस. पण मानसीच्या पोटाला भोक पडायच्या आधी तुला तोंड उघडावं लागेल.

“डॉक्टरला सांगेन हो,” तो म्हणाला. “पण आईला? तिने पेढे वाटलेत, साहेब. चार मजले. आता ते परत कसे घेऊ?”

मी म्हटलं, “एकदा सांगून टाकायचं. जास्तीत जास्त काय होईल? रडेल.”

त्याने माझ्याकडे बघितलं. “तुमच्या आईला माहितीये, तुम्ही इथे काय तपासता ते?”

खोलीत रेंज नव्हती, आवाज नव्हता. पळायला जागा नव्हती.

“लघवी,” मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मग इतका हसला की बाहेरून रिसेप्शनच्या मुलीने दार वाजवलं. मीही हसलो. डोळे पुसत तो म्हणाला, “चला साहेब, असं करू. तुम्ही तुमच्या आईला सांगा, मी माझ्या.”

मी हो म्हटलं. आता हो म्हटल्यावर काय.

त्या संध्याकाळी आई गॅलरीत तांदूळ निवडत होती. भिंतीवर आता हार घातलेल्या वडिलांच्या फोटोशेजारी माझा पदवीदानाचा फोटो. मी समोर बसलो आणि म्हटलं, “आई, मी लघवी नाही तपासत. म्हणजे तीही तपासतो, पण मुख्य काम वीर्य तपासण्याचं. पुरुषांचं. मूल होत नाही त्यांचं.”

आईने खडा काढून बाजूला टाकला. कानापर्यंत लाल झाली. तांदळात बोटं फिरवली. मग म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं मी बायकांना लघवी-लघवी सांगत फिरले, ती फुकटच?”

“चुकलंच माझं.”

“मेल्या, मूल होण्याचं काम सांगायला काय झालं होतं? त्याच्यापेक्षा लघवी बरी वाटली तुला?”

संकेतने सोमवारी मानसीला बरोबर घेऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी काकूंना बाहेर बसायला लावलं, आणि दुर्बिणीची तारीख त्याच वेळी रद्द केली. रात्री त्याने घरी आईला सांगितलं. कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू लॅबमध्ये आल्या. ह्या वेळी आवाज नव्हता. बाकावरही बसल्या नाहीत. मी त्यांना मॅडमच्या केबिनमध्ये नेलं.

“परबा, तुका म्हायती होतां?”

“थोडं.”

“आणि माझो पेढो खाल्लंस.”

मी मान खाली घातली.

“मी वाटलंय रे,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातांनी. तिच्यादेखत. ती माका खोके उघडून देत होती.” पदर तोंडाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माका खाकरा येता रात्री. दम्याचो. त्याका सांग, मी मुद्दाम नाय करत.”

हे मला आजवर विसरता आलेलं नाही.

गणपतीला मेस्त्री मंडळी गावी गेली. संकेत आणि मानसी परतले, काकू परतल्या नाहीत. भात कापूनच येतंय, म्हणाल्या. जन्मात त्या कापणीला थांबल्या नव्हत्या. खोली दोघांना मोकळी करून दिली, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. दोघं महिन्यातून दोनदा ओपीडीला जात राहिले. संकेतचा फोन संध्याकाळी मानसीच्या पर्समध्ये राहायचा. डॉक्टरांनी त्यांना सुरुवातीला संबंध ठेवायलाच बंदी केली होती, फक्त हात हातात घ्या, गप्पा मारा. संकेत मला म्हणाला, साहेब, आम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा बोललो. ते सरळ गेलं नाही. दोनदा त्याने चोरून फोन घेतला, एकदा मानसी रागावून भावाकडे गेली, स्वतःच्या पायाने गेली आणि स्वतःच परत आली.

काकू दिवाळीच्या तोंडावर आल्या. मानसीने मला सांगितलं ते असं. फराळाची ताटं घेऊन बायका जिन्यात भेटल्या. कोणीतरी, बहुतेक त्याच बारशाच्या आजीने, विचारलं, “मग मेस्त्रीकाकू, सुनेची दुर्बीण झाली का? काय निघालं?”

काकू जिन्यातच थांबल्या. म्हणाल्या, “माझ्या सुनेत काय एक खोट नाय. दुर्बीण-बिर्बीण काय करूची नाय. ते पेढे मी फुकट वाटलंय. कोणाक काय विचारूचा असात तर माका विचारा, तिका नाय.” आणि करंज्यांचं ताट मानसीच्या हातात देऊन म्हणाल्या, “हिच्या हातच्यो असत. घ्या.”

त्यांना मूल झालं का, असं वाचक विचारतील. ते मी सांगणार नाही. काकूंनी तो प्रश्न बंद केला आहे, मी कशाला उघडू?

मागच्या खोलीत वायफाय अजून आहे. ते काढून प्रश्न सुटत नाही. पण आता नमुना घेण्याआधी कडी लावून मी प्रत्येक पुरुषाशी बोलतो, शब्द न गिळता विचारतो, घरी कसं आहे ते. कोणी चिडतं, कोणी हसतं, कोणी बोलतं. जो बोलतो त्याला मॅडम पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी देतात. रिपोर्ट ज्याचा त्यालाच, बंद दाराआड, समजावून दिला जातो. आई आली, काका आला, तरी बाहेर बसतात.

मानसीचं ऑपरेशन झालं नाही. तिला माहेरी कोणी पाठवलं नाही. आणि माझी आई आता विचारणाऱ्याला माझं काम नीट नाव घेऊन सांगते.